लीलाआक्कांचं भजनी मंडळ

लीलाआक्का कांबळेंना मंडईत कुणी हळूच विचारलं, "पोरगा कसा हाय हो?" की आक्का चार गाळ्यांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "डोक्यानं आजारी हाय. गोळ्या चालू हायत. तुमचा गुडघा काय म्हणतोय?" विचारणारी बाई गडबडायची आणि मुकाट्याने गुडघ्याचं सांगू लागायची. आक्कांच्या लेखी दोन्ही आजारच होते.

आक्का शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, पण आवाज तालमीत शोभेल असा. त्यांचा मिलिंद कॉलेजात असताना आजारी पडला. त्याला कानात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. माझ्या थोरल्या बहिणीचं, सुनंदाचंही तेच होतं. पण आक्का मिलिंदला घेऊन रोज रंकाळा तलावावर फिरायला जायच्या आणि आम्ही सुनंदाला मागच्या खोलीत ठेवून, 'कोडोलीला मामाकडं असते' म्हणून सांगायचो. दवाखान्याच्या बाकावर आईची आणि आक्कांची गाठ पडली, तिथेच आक्कांनी तिला दामटून घरी बोलावलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मनोरुग्णांच्या घरच्यांची जी संघटना पुढे कोल्हापुरात उभी राहिली, ती आक्कांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, शनिवारी दुपारी, पाच-सहा बायका आणि चहाचं पातेलं एवढ्यावर सुरू झाली. आईच्या सोबतीला मीही जायचे.

अडचण होती ती घरातून निघताना काय सांगायचं याची. कुणीतरी 'भजनी मंडळाला जाते' म्हणून सांगितलं आणि सगळ्यांनीच ते उचललं. आक्का वैतागल्या. "अगं, मी बौद्धाची बाई! मला कसलं भजन येतंय?" पण हाकललं नाही कुणाला. "येऊ देत. खोटं बोलून का हुईना, याय तर लागल्यात," असं मला म्हणाल्या. आई त्या सोप्यात पहिल्यांदा पोटभर रडली. तोवर ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची.

एका शनिवारी आक्कांच्या समोरच्या घरातल्या इंदूकाकी दारात आल्या. माझं लग्न शिरोळला ज्या घरी ठरत आलं होतं, ते इंदूकाकींचं माहेर. सोयरीक त्यांनीच आणलेली. "एकादशीला आमच्यात भजन ठेवलंय. तुमचं मंडळ आणा की," त्या म्हणाल्या. "एवढं समोर राहून कधी आवाज आला न्हाय तुमचा!"

एकीने आक्कांच्या कानाशी लागून सांगितलं, "व्हय म्हणा, मला दोन अभंग येत्यात." मला हसू येत होतं. आक्का म्हणाल्या, "इंदूवैनी, माझ्या पोराचं मी गावभर सांगते. दुसऱ्याच्या पोराचं कसं सांगू?" आणि चहा गाळत बसल्या.

आई उठली. तिने माझ्याकडे बघितलं. ती काय बोलणार ते मला कळलं, आणि त्याने काय मोडणार तेही. मी मानेनंच हो म्हटलं.

"वैनी, हितं भजन न्हाय," आई म्हणाली. "माझी सुनंदा मामाकडं नसती. घरातच असती. तिचं मन आजारी हाय. तिच्यासाठी येते मी हितं."

इंदूकाकी चहा न घेता गेल्या. शिरोळचा नकार आला, तोही निरोप्याकडून. ते कळताच आक्का आमच्या घरी आल्या आणि थेट मागच्या खोलीत जाऊन सुनंदाच्या केसांना तेल लावत बसल्या. तिथूनच मला म्हणाल्या, "वाईट वाटतंय व्हय? वाटू दे की. रड चांगलं. पर आईला बोल लावू नगंस. तिला लेकी दोन हायत." पुढच्या शनिवारी आई सुनंदाचा हात धरून भर दुपारी गल्लीतून निघाली. लोकांनी बघितलं. मला त्या दिवशी आईचा फार अभिमान वाटला.

पुढे संघटनेची रीतसर नोंदणी झाली, भाड्याची खोली मिळाली. पाटीवर 'मनोरुग्ण' शब्द नको, लोक बिचकतील, असं काहींचं म्हणणं पडलं. आक्कांनी पेंटरकडून तोच शब्द सगळ्यांत मोठा काढून घेतला. माझंही लग्न झालं, सगळं सांगून-सवरून. सुनंदा औषधांनी सावरली, संघटनेत येणाऱ्यांना चहा देऊ लागली, पण बोलायची कमीच.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आक्का गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती आणि मिलिंद कुठे दिसत नव्हता. नातेवाइकांनी त्याला आतल्या खोलीत घालून कडी लावली होती. "गर्दीत बिथरंल त्यो," त्याचे काका म्हणाले. "आजच्या दिवस ऱ्हाऊ दे आत." त्या घरात, त्या दिवशी! मी काही बोलायच्या आत सुनंदा पुढे झाली. काका दारात आडवे उभे राहिले.

"काका, मी असल्याच खोलीत हुते," ती म्हणाली. "बाहेर काय चाललंय ते आत सगळं कळतं. सरा."

काका सरले. तिने कडी काढली. "मिलिंददादा, आई निघाली. चल."

मिलिंद अनवाणीच बाहेर आला आणि त्याने आईला खांदा दिला. स्मशानापर्यंत सुनंदा त्याच्या शेजारून चालली. परत येताना तरी त्याच्या पायांना चटके बसू नयेत म्हणून त्याच्या चपला तिने निघतानाच हातात घेतल्या होत्या.