शेवटचा हात कुणाचा?

फोरमनकाका बिघडलेल्या यंत्राकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी ते आजूबाजूच्या माणसांकडे बघत. हात पाठीमागे बांधून, भुवया वर चढवून एकेकाचा चेहरा न्याहाळायचा आणि मग विचारायचं, "शेवटचा हात कुणाचा?" बोईसरच्या कारखान्यात हाच प्रश्न ते हिंदीत विचारत, "आखरी हाथ किसका?" आणि त्यासरशी म्हणे अर्ध्या विभागाला एकदम तहान लागायची.

माझे बाबा त्याच कारखान्यात त्यांच्या हाताखाली होते. आम्ही एडवणचे, वाडीवाले. काका कऱ्हाडकडचे, नोकरीसाठी इकडे आले आणि पालघरलाच राहिले. बाबा गेल्यावर त्यांचं आमच्याकडे येणं कमी होईल असं वाटलं होतं, ते उलट वाढलं. आईला ते वहिनी म्हणत, आई त्यांना भाऊजी. मी चाळिशी ओलांडली तरी त्यांच्या लेखी 'पोरी'च होते. आमच्याकडे आमटी खारट झाली तरी त्यांचा तपास सुरू. मीठ कुणी घातलं, मग कुणी ढवळलं, मधे झाकण कुणी काढलं! एकदा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यांनी आईला इतकं पिडलं की ती म्हणाली, "भाऊजी, मीच केला त्याचा खून. आता तो चालू करा, नायतर पाटा-वरवंटा धुवून द्या." काकांनी निमूटपणे पाटा धुतला, कारण मिक्सर काही त्यांना जमला नव्हता.

"यंत्र आपणहून काय बी करत न्हाय, पोरी," ते मला सांगत. "माणूस करतो आन् इसरतो." मी एकदा विचारलं, "आणि तुमचा हात, काका? तो कधीच चुकला नाही?" त्यांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "ह्याला शिस्त हाय," म्हणाले. असा अहंकार दुसऱ्या कुणी दाखवला असता तर मला राग आला असता. काकांचा आला नाही, एवढंच.

खंडेनवमी हा त्यांचा खरा सण. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा तेच करत, दुसऱ्याला हात लावू देत नसत. निवृत्त झाल्यावर पंचाईत झाली. फ्लॅटमध्ये पूजा करायची तर पंखा आणि गीझर, आणि गीझरसमोर नारळ फोडणं त्यांना कमीपणाचं वाटे. मग ते आमच्या वाडीवर येऊ लागले. हळद, कुंकू, लाल धागा, झेंडू असं सगळं पिशवीत घेऊन येत आणि पंपापासून कोयत्यापर्यंत एकालाही सोडत नसत. पूजा झाली की हुकूम सुटे, "आज सगळी झोपणार. कुनी बटन दाबायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं जेवण जेवूनच ते परतत.

आता त्या गाडीचं सांगते. मी वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. रस्त्यापासून तिथवरची वाट वाळूची आणि अरुंद, तिच्यात मोटार शिरत नाही. म्हणून बंद पडलेल्या एका रिसॉर्टची बॅटरीवर चालणारी जुनी गोल्फची गाडी मी घेतली. आमच्या पंचक्रोशीत गोल्फ कुणी खेळलेलं मला तरी माहीत नाही. वाडीचं सगळं बघणारे जनूदादा तिला खेळण्यातली गाडी म्हणत. पण पाहुण्यांपेक्षा ती आईच्याच कामाला येईल असं मला वाटत होतं, कारण आई त्या वर्षी विहिरीपाशी घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. आई चालेना. पडवीची पायरी काही ती उतरेना. पुन्हा पडेन ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. मोटारीची पायरी तिला उंच वाटे, रिक्षाचे धक्के नकोत. पावसाळा असाच गेला. माझी आई, जी केळवे-माहीमपर्यंत लग्नांना पायी जायची, ती खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. मला ते बघवत नसे.

खंडेनवमीला काका आले तेव्हा कोण जाणे काय झालं, आई म्हणाली, "उद्या सोनं लुटायला मी शिवेवर येते. त्या गाडीत बसवा मला. नाय जमलं तर पुना मला कुनी बोलू नका." मी रात्रभर तिचा विचार बदलू नये म्हणून देवाला आळवत होते. काकांनी गाडीची खास पूजा केली. तिचा मान त्या दिवशी पंपापेक्षाही मोठा होता.

दसऱ्याला दुपारी आई इरकली नेसून, अंबाड्यात फूल माळून पडवीत येऊन बसली. जनूदादांनी चावी फिरवली, दिवा लागला, त्यांनी पायाखालची पट्टी दाबली आणि गाडी जागची हलली नाही. या गाड्यांचा ब्रेक विजेवर सुटतो. गाडी उभी असली की तो मोटार घट्ट धरून ठेवतो. पट्टी दाबली की त्याला वीज मिळते, 'टक' आवाज होतो आणि पकड सुटते. तो टक काही येईना. आम्ही तिघांनी ढकलून पाहिलं, पण गाडी खिळल्यासारखी. हाताने ब्रेक सोडवायचा दांडा मागे होता, तो खाऱ्या वाऱ्याने गंजून बसला होता.

काकांचे हात पाठीमागे गेले. "शेवटचा हात कुणाचा?"

"मी परवा धुतली," जनूदादा म्हणाले. "पन त्याच्यानंतर ती चालली हाय. पाण्याचं काय नाय त्यात."

"पाण्याचं असतंच!" काका म्हणाले आणि जनूदादांना पुरतं गुन्हेगार ठरवून त्यांनी बाह्या सरसावल्या. मीटर लावून बॅटऱ्या तपासल्या, त्या ठणठणीत होत्या. ब्रेकच्या वायरीचा जोड हिरवा पडला होता, तो पॉलिशपेपरने घासून लखलखीत केला. तरी टक नाही. ऊन उतरू लागलं. वेशीकडे निघालेली माणसं कुंपणावरून "येताव ना?" विचारून पुढे जात होती. आईने अंबाड्यातल्या फुलाला हात लावला. "ऱ्हाऊ दे ग," ती म्हणाली. "माझ्या नशिबात नाय." ती आत गेली असती तर पुन्हा बाहेर आली नसती, हे मला कळत होतं.

"वहिनी, फुलाला हात लावू नका!" काका गाडीखालून ओरडले. त्यांनी चाकांना विटा लावायला सांगितल्या आणि बॅटरीची वीज दोन वायरींनी थेट ब्रेकला दिली. टक! इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. "ब्रेक चांगला हाय. त्याच्यापर्यंत वीजच पोचंना," काका म्हणाले. वायरी काढून ते मागून पुढे सरकत आले, जोड तपासत तपासत, थेट पायाच्या पट्टीपर्यंत. पट्टी दाबली की तिच्याखालचं एक छोटं बटण दाबलं जातं आणि ब्रेकला वीज मिळते. त्याचं झाकण आमच्याकडे गाडी आली तेव्हापासूनच नव्हतं. काकांनी टॉर्च मारला आणि मग तो माझ्या हातात दिला.

मी वाकून पाहिलं. पट्टीच्या दांडीला लाल धागा बांधला होता, चांगले चार वेढे देऊन. त्याचं एक टोक बटणाच्या पात्यात गुंतलं होतं, वर कुंकू आणि नारळाचं पाणी वाळून चिकट झालं होतं आणि त्यात झेंडूची पाकळी बसली होती. पट्टी खाली जात होती, पातं हलत नव्हतं. जनूदादा अत्यंत सभ्यपणे माडाच्या शेंड्याकडे बघू लागले.

पडवीतून आईचा आवाज आला, "काय भाऊजी? शेवटचा हात कोनाचा?"

काका गाडीखालून बाहेर आले. कपाळाला ग्रीस, हातात तो धागा. "माझा, वहिनी," ते म्हणाले. मग जनूदादांकडे वळून त्यांनी चक्क हात जोडले, "तुमी सुटला." आणि स्वतःच इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. आईही हसायला लागली. पडल्यापासून तिला असं पोट धरून हसताना मी पाहिलं नव्हतं. ते हसू ओसरायच्या आत मी एका बाजूने आणि काकांनी दुसऱ्या बाजूने धरून तिला पायरी उतरवली. उतरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. जनूदादांनी पट्टी दाबली, टक झालं आणि गाडी निघाली. मी मागे बसून रडत होते ते कुणी पाहिलं नाही, बरं झालं. शिवेवर आईने आपट्याचं पहिलं पान काकांच्या हातावर ठेवलं. त्या शिस्तीच्या हातावर.

काका आता कऱ्हाडला लेकीकडे असतात. गुडघे दुखतात, प्रवास होत नाही. पालघरचा फ्लॅट विकला त्या दिवशी ते आम्हाला भेटायला आले होते आणि निघताना गाडीच्या टपावर थाप मारून गेले, पट्टीकडे वळूनही न बघता. खंडेनवमीला धागा आता गाडीच्या आरशाला बांधायचा, असं फोनवरून दरवर्षी बजावतात.

दसऱ्याला त्यांचा फोन येतोच. आई गाडीत बसलेली असते, फूल माळून. ती फोन कानाला न लावता माझ्याकडे देते आणि मी तो मागे ब्रेकपाशी धरते. जनूदादा पट्टी दाबतात. टक!

"ऐकलं का भाऊजी?" आई पुढून ओरडते.

पलीकडून काकांचा सुस्कारा येतो.

"ऐकलं वहिनी. सुटला. जावा आता, शिवेवर उशीर करू नगा."