दुसऱ्या भागातला नवरा

नळाच्या फिटिंगच्या दुकानात वर्षानुवर्षं बसलं की माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, कुठल्याच मापात न बसणारे नट-बोल्ट. दुसरे, किस्से. नट-बोल्ट भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोणी नेत नाही. उलट संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकावर बसून लोक आणखी दोन टाकून जातात. माझ्याकडचे सध्याचे सगळे किस्से एकाच कारणाने साठलेत. माझ्या बायकोने कादंबरी लिहिली. तीही पहिली नव्हे, पहिलीचा पुढचा भाग!

आम्ही हिंगणघाटचे. बायको वंदना मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. तिची पहिली कादंबरी प्रेमाची होती. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या की पुस्तक संपलं. त्यातला शेखर सुलभाला भेटायला भर उन्हात गिरडची टेकडी चढतो. आता लग्नाआधी मीही वंदनासाठी ती टेकडी चढलो होतो, हे माझ्या मित्राला, विलासला ठाऊक होतं. आणि विलासला ठाऊक म्हणजे गावाला ठाऊक. गिऱ्हाईक पाइपाच्या वळणाचा पाऊण इंची एल्बो न्यायला यायचं आणि जाताना हळूच विचारायचं, "तुम्हीच का ते शेखर?" मी नाही म्हणत नसे. हसून एल्बो कागदात बांधून द्यायचो. एरवी मी कागद देत नाही.

मग एका रविवारी जेवताना वंदना म्हणाली, "दुसरा भाग लिहून राह्यली मी. लग्नानंतरचा."

"लग्नानंतर काय असते लिवाले?"

तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. खुर्चीवर घेतलेल्या माझ्या पायाकडे पाहिलं. टेबलावर सांडलेल्या चटणीकडे पाहिलं. म्हणाली, "तेच पाहून राह्यली!"

त्या दिवसापासून मी जपून जेवतो.

*

विलास कापसाचा दलाल आहे. भाव पडणार की चढणार हे त्याला कधी कळत नाही, पण दुसऱ्याच्या घरात काय होणार हे त्याला आधी कळतं. त्याला मी ही बातमी दिली. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"मनोहर, पहिल्या भागात तू हिरो होता. दुसऱ्या भागात तू नवरा होशीन. फरक समजून घे!"

"त्यात काय फरक?"

"हिरो टेकडी चढते. नवरा टावेल पलंगावर टाकते!"

मी घरी गेलो. टॉवेल पलंगावरच होता. तोही ओला.

*

वंदना दुपारी शाळेतून आली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. मी दुकान बंद करून जेवायला आलो की तो मिटायचा. आता मला सांगा, ज्यात लपवण्यासारखं काही नाही ते कोणी मिटतं का?

एकदा ती मागे कपडे वाळत घालायला गेली. मी फक्त पाहत होतो. पासवर्ड मागत होता, म्हणून माझं नाव टाकलं. चूक. लग्नाची तारीख टाकली. चूक. तिचं माहेर पुलगाव, तेही टाकलं. चूक! माझं नाव चुकलं तेव्हा एवढं वाईट वाटलं नाही, पण लग्नाची तारीखही चुकावी? पुन्हा नाव टाकायला गेलो, तर अंगणातून आवाज आला.

"अजून एकदा चुकान तं बंद पडते ते. मग मलेच लिहिता येत नाई!"

मी वर पाहून बल्बला हात लावला. म्हटलं, बल्ब पाहत होतो. दुपारी.

*

तिचा प्रकाशक नागपूरचा. त्याचा फोन आला की ती उठून गच्चीवर जायची. घरात रेंज चांगली असताना गच्चीवर का जायचं? मी पाण्याची टाकी पाहायला म्हणून मागोमाग गेलो. टाकी माझ्याच दुकानातली, तिला पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी पाहत उभा राहिलो.

वंदना बोलत होती, "नाही हो, नवऱ्याला मारत नाही. एवढ्यात तर नाहीच. दोन प्रकरणं त्याला अजून जगवायचं आहे. पुढचं पुढे पाहू."

मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. ती खाली आल्यावर विचारलं, "कोणाचा फोन होता?"

"प्रकाशकांचा."

"काय म्हणे?"

"काही नाई. चहा घेता?"

त्या दिवशी मी म्हटलं, आधी तू घे. तिचा अर्धा कप झाल्यावर मी माझा उचलला.

*

मग मी विचार केला. ती जे पाहते तेच लिहिणार असेल, तर आपण तिला चांगलं का दाखवू नये? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिच्यासाठी चहा केला. टॉवेल दोरीवर टाकला. शाळेत निघाली तेव्हा म्हटलं, "वंदना, ही साडी तुले चांगली दिसते."

ती दारातून परत आली. पर्स खाली ठेवली. "काय केलं तुम्ही?"

"कुठं काय?"

"नाई, सांगून टाका. मी ओरडत नाई."

मी काही केलं नव्हतं, पण ते तिला पटेना. संध्याकाळी तिने पुलगावला भावाला फोन केला. तिकडून मेव्हण्याचा मला फोन. "भाऊजी, तब्येत बरोबर आहे ना? बीपी तपासून घ्या एकदा." चांगलं वागण्याचा प्रयोग मी तिसऱ्या दिवशी बंद केला. घर पुन्हा शांत झालं.

*

विलास आणि त्याची बायको रेखा आमच्याकडे जेवायला यायचे ते भांडत यायचे आणि भांडत जायचे. आम्हाला त्याची एवढी सवय की टीव्ही लावत नव्हतो. दुसऱ्या भागाची बातमी पसरल्यावर मात्र दोघं असे आले जणू आजच मुलगी पाहायला आलेत.

विलास म्हणतो, "रेखा, तुले थोडी भाजी वाढू का?"

रेखाला ठसकाच लागला. सतरा वर्षांत त्याने तिला पाणी विचारलं नव्हतं! ती डोळे पुसत म्हणाली, "नको, तुम्ही घ्या ना. तुम्ही दिवसभर थकता." विलासनेही दचकून तिच्याकडे पाहिलं. वंदना शांतपणे पोळ्या वाढत होती, पण तिचे कान मला दिसत होते.

दोघं गेले आणि फाटकाबाहेर पडताच सुरू झाले. "भाजी वाढून राह्यला होता मोठा! घरी ताट तरी उचलते का?" तेवढ्यात विलासचा दबका आवाज आला, "हळू बोल बाई, दुसरा भाग ऐकून राह्यला!"

*

आमच्या बाकावरचा तिसरा माणूस मिलिंद. तहसीलमध्ये बाबू. कागदाशिवाय तो सख्ख्या भावाचं ऐकत नाही. तो एक दिवस टाइप केलेला मसुदा घेऊनच घरी आला.

"वहिनी, यावर सही करून द्या. कादंबरीतली सगळी पात्रं काल्पनिक आहेत, एवढंच लिवलं आहे."

वंदना म्हणाली, "काल्पनिकच आहेत, भाऊजी. मग तुम्हाले भीती कशाची?"

"वहिनी, काल्पनिक माणूस माह्यावानी चष्मा लावून माह्याच खुर्चीवर येऊन बसला, तं मी कुठं बसू?"

तिने हसत सही केली. मी म्हटलं, एक सही माझ्यासाठीही कर. म्हणाली, "तुम्हाले काहाले? तुम्ही काय काल्पनिक आहा?"

मिलिंदने तेवढ्यात मसुदा घडी करून खिशात टाकला.

*

शेवटचा आधार आई. कादंबरीत लग्नानंतरचं आहे म्हणजे सासू येणारच, आणि सासू आली म्हणजे आई माझ्या बाजूने उभी राहील, असा माझा हिशोब. मी तिला म्हटलं, "आई, जरा काढून पाह्य ना काय लिवते ते."

आई गेली, अर्ध्या तासाने परत आली. तोंड हसरं.

"काय लिवते?"

"मी नाई सांगत बापा. तिनं मले शपथ घातली."

"अन् तुह्याबद्दल?"

"मी सांगतलं तिले. काहीबी लिहिजो, पण माह्या हातच्या भाकरी गोल लिहिजो. तिनं गोल लिहिल्या!"

भाकरीवर माझी आई फुटली! मग रोजच दुपारी वंदना तिला वाचून दाखवू लागली. मी जेवायला आलो की खोलीचं दार लोटलेलं आणि आतून हसण्याचे आवाज. सासू-सून भर दुपारी दार लावून हसत असतील, तर माणसाने संशय घ्यायचा नाही तर काय घ्यायचं? दारावर हात ठेवला की आत एकदम शांत. मी विचारायचो, काय झालं? दोघी एका सुरात म्हणायच्या, "काही नाई!"

इथे थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. गाव हसेल याची मला भीती नव्हती. गाव कशालाही हसतं. पण इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपलेली ही बाई माझ्याबद्दल मनात काय समजते, हे मला कधी विचारता आलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. आता ते छापून येणार होतं. माझ्याआधी ते विलास वाचणार, मिलिंद वाचणार, एल्बो न्यायला येणारा माणूस वाचणार. याचं मला फार वाईट वाटत होतं. रात्री जेवण गोड लागेना.

*

पुस्तक आलं. वंदनाने पहिली प्रत माझ्या हातात दिली आणि शाळेत निघून गेली. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पाइपांच्या मागे स्टूल घेतलं आणि नवऱ्याला शोधायला लागलो.

काय सांगू! मी कुठेच नाही!

तिचा शेखर लग्नानंतर अगदी गरीब माणूस. दुपारी कविता करत बसणारा. कोणाला उलटून न बोलणारा. गार झालेला चहाही चांगला आहे म्हणून पिणारा. माझा त्याच्याशी काय संबंध? मी कविता कशाला करतो?

उलट त्याची बायको सुलभा! पहिल्या भागात एवढी गोड पोरगी, दुसऱ्या भागात बाईने नुसता उच्छाद मांडलाय. शेखर बसला की मागे येऊन उभी. फोन वाजला की "कोणाचा फोन होता?" एकदा सांगून भागत नाही, तीनदा. स्वतःचा चष्मा डोक्यावर आणि घरभर सगळ्यांवर संशय. पाहुण्यांसमोर तीच ती गोष्ट सांगणार आणि मधे कोणी बोललं की रुसणार. शेखरने प्रेमाने काही आणलं तर आधी विचारणार, कुठून आणलं, कोणी दिलं. मी एवढा हसलो की शेजारच्या सायकलवाल्याने शटर वाजवून विचारलं, "भाऊ, सगळं ठीक ना?"

संध्याकाळी विलासला मिठी मारली. "सुटलो बे! आपण कोणीच नाई त्याच्यात!" त्याने लगेच पेढे मागवले. मिलिंद तेवढा पेढा हातात धरून माझ्याकडे पाहत बसला.

"तू नीट वाचलं ना, मनोहर?"

"दोनदा! काऊन?"

"काही नाई," तो म्हणाला आणि पेढा खाल्ला.

घरी आईने विचारलं, "वाचलं का रे?" म्हटलं, वाचलं, मस्त आहे. ती म्हणाली, "चांगलं झालं बापा," आणि पदर तोंडाला लावून आत गेली. म्हाताऱ्या माणसांचं काही समजत नाही.

*

प्रकाशन गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये झालं. पाहुणे नागपूरचे, गर्दी आमची. शाळेच्या सगळ्या मॅडम, विलास-रेखा, मिलिंद, पहिल्या रांगेत आई. भाषणं झाली आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी एकदम जाहीर केलं, "लेखिकेच्या यजमानांनी दोन शब्द बोलावेत!"

मी स्टेजवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात आला होता, आणि मन अगदी हलकं होतं.

"मी काही साहित्यिक माणूस नाई," मी म्हटलं. "मी पाइप विकतो. लोक मले विचारतात, तुम्हीच का ते शेखर? तं आज सगळ्यांसमोर सांगतो, मी शेखर नाई. मले त्याच्यासारखं ऐकून घेता येत नाई. पण त्या माणसाची मले खरंच कीव आली. काय सहन केलं त्यानं! अशी संशयी, अशी कटकटी बायको! ती सुलभा जर माह्या नशिबात आली असती ना, तं मी दुसऱ्याच दिवशी घर सोडून पळालो असतो!"

मी हशाची वाट पाहिली. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. विलास छताकडे पाहत होता. रेखाने तोंडावर पुस्तक धरलं होतं. आईचा पदर पुन्हा तोंडाला गेला होता.

मी मागे वळून वंदनाकडे पाहिलं. ती खुर्चीत टेकून बसली होती, मांडीवर हारातली फुलं होती. तिच्यापुढे माईक नव्हता, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"मी पळाली का?"