मिठागरवाल्यांची चिमूट

रोह्याला जाणारा आमचा टेम्पो मिठागराच्या बांधावरून निघाला तेव्हा आई ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर बेबी. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. आत्या, त्यावरून तू गावभर बोललीस. सासर सोडताना डोळ्यांत टिपूस नाही, दगडाच्या काळजाची बाई! अगं, तिला तेव्हा रडू येतच नव्हतं, कुणासाठीच.

बेबी भर पावसात झाली. मिठागरं पाण्याखाली, बाबा घरी, चुलीवर नुसती पेज. आई भिंतीला टेकून बसायची ती बसायचीच. वेणी नाही, बोलणं नाही. बेबी रडून रडून निळी पडली तरी तिचा हात हलायचा नाही. दूध आटलं. तू म्हणालीस, दृष्ट लागली. रोज संध्याकाळी बेबीवरून मीठ ओवाळायचीस. मिठाला आपल्या घरात काय तोटा! आईला मात्र आळशी ठरवून मोकळी झालीस. आम्हा पोरांना तुझ्या ताटातला सुकट-भात तूच भरवलास, हेही खरं. म्हणून तर तुझ्यावर धड रागावताही येत नाही मला.

मग बेबीला हगवण लागली. नर्सबाई सांगून गेल्या होत्या, उकळून गार केलेलं पाणी, त्यात मूठभर साखर, चिमूटभर मीठ. आधी स्वतः चाखा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. साखर घरात नव्हती. तू गुळाचा एवढासा खडा टाकलास आणि वर मीठ घातलंस. पण आपल्या बायकांची चिमूट ती! जन्मभर खडेमीठ ओढणारा हात, दुसऱ्या घरात ती मूठच ठरली असती. चाखायचं कुणालाच सुचलं नाही.

चमचा बेबीच्या ओठांशी गेला आणि भिंतीकडून आईचा हात आला. तिनं तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

"जाम खारट हाय गो," ती म्हणाली. "पोर मरंल माजी."

आणि टोप उपडा केला. कित्येक दिवसांत तिचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. मी भीतीनं रडायलाच लागले.

बाबांनी दोघींना तसंच पेणच्या दवाखान्यात नेलं. बेबीला सलाईन लागलं. मग डॉक्टरांनी आईची चौकशी केली, जेवते का, झोपते का, जीव नकोसा होतो का. शेवटच्या प्रश्नाला आईनं होय अशी मान हलवली. बाळंतपणानंतर असा मनाचा आजार होतो, औषधानं बरा होतो, असं त्यांनी बाबांना समजावलं. घरी आल्यावर बाबांनी तुला हे सांगितलं, तर तू हसलीस. भरल्या घरात कसला मनाचा आजार, म्हणालीस. त्याच आठवड्यात बाबांनी रोह्याच्या कंपनीत हेल्परचं काम धरलं. पावसातही पगार, आणि डॉक्टर जवळ.

रोह्यात सगळं सोपं झालं असं नाही. चाळीतली एकच खोली, बाबांची नाईट शिफ्ट, खाडीचा वारा नाही. पहिले काही महिने मला गावच आठवायचं. गोळ्या चालू होऊनही आई हळूहळूच उठली. आधी स्वतःची वेणी, मग आमच्या. बेबी अंगानं किडकिडीतच राहिली, पण जगली.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून आता रोहा येतं. तुला वाईट वाटेल, पण का ते सांगते. चाळीत कुणी बाळंतीण झाली की आई जातेच. सगळ्या बायका पाळण्यात डोकावतात. आई बाळंतिणीच्या खाटेवर टेकते, त्या पोरीचा हात हातात घेते आणि हळूच विचारते, "तुला कसं वाटतंय गो?"