अर्ध्यावरचा काटा

मंडळी, आज कापूरहोळहून भोरला नेहमीच्या भाड्याच्या मोटारीनं आलो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. पण गेल्या आठवड्यातही तो तिथंच होता, म्हणून मला शंका आली.

"टाकी अर्धी हाय रावसाहेब, निवांत बसा," ड्रायव्हर म्हणाला.

चढ लागताच त्यानं मोटार फिरवली आणि उलटी चढवू लागला.

माझ्या शेजारी बसलेल्या कामथडीच्या आजी गाठोडं घेऊन उतरल्या. "टाकीच्या तळाला उरलेलं पेट्रोल इंजिनाकडं उतरावं म्हणून ह्यो उलटी चढिवतो. मी आपली चालत जाते."

मी मात्र काट्याकडे बघत बसून राहिलो. निम्म्या चढावर मोटार बंद पडली. काटा अजून अर्ध्यावरच!

मोटार ढकलताना वर पाहिलं, आजी चढ संपवून पुढं गेल्या होत्या.

उद्या तुम्ही काटा बघणार, की आजी कुठं उतरतात ते?