शब्दशः परत वाचलेला निरोप

साठीच्या दशकात नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकांना बिनतारी संच शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, एवढीच माझी पात्रता. संच हिरव्या लोखंडी पेटीत बसवलेला होता. झाकणाला रबराची पट्टी असल्यामुळे पेटी पावसात भिजली तरी आतले यंत्र कोरडे राही. हँडसेटवरचे बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. एक जण बोलत असेपर्यंत दुसऱ्याला फक्त ऐकता येते.

माझ्या वर्गात आमच्याच मराठी समाजातले एक प्रौढ कारकून होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते तोतरे बोलत. कचेरीत त्यांना लोकांसमोर कधी बसवले नाही. बिनतारी निरोपातली वाक्ये ठरलेली असतात, आणि लिहिलेले वाचताना त्यांची जीभ अडत नसे. म्हणून वर्गाअखेरची परीक्षा त्यांना उत्तीर्ण व्हायचीच होती. "मास्तर, एकदा तरी माझं बोलणं कुणाच्या उपयोगी पडू दे," असे ते मला म्हणाले होते.

परीक्षा रविवारी सकाळी शहराबाहेर हेब्बाळच्या तळ्यावर झाली. अण्णा पेटी पाठीवर घेऊन पलीकडच्या काठावर गेले. अलीकडे मी आणि सहपरीक्षक, एक निवृत्त हवालदार. पहिला निरोप देऊन मी हँडसेट खाली ठेवला आणि त्यावर हजेरीचे जाड पुस्तक टेकवले. बटण दाबलेलेच राहिले, हे माझ्या ध्यानात आले नाही.

हवालदार म्हणाले, "मास्तर, हा 'आ-आ-आग' म्हणेपर्यंत अर्धी पेठ जळेल की!"

"जळू द्या. 'पा-पा-पाणी' म्हणेपर्यंत पाऊसच येईल," मी अण्णांचा आवाज काढून म्हणालो. आम्ही पोट धरून हसलो.

उत्तर का येत नाही, म्हणून मी पुस्तक उचलले. लगेच अण्णांचा आवाज आला. त्यांनी आधी पहिला निरोप परत वाचला, मग पुढचा. मिळालेला निरोप लिहून घ्यावा आणि शब्दशः परत वाचावा, हा नियम मीच शिकवला होता.

"निरोप मिळाला. परत वाचतो. मास्तर, हा आ-आ-आग म्हणेपर्यंत अर्धी पेठ जळेल की. जळू द्या. पा-पा-पाणी म्हणेपर्यंत पाऊसच येईल. ओव्हर."

तीन आ, तीन पा. एक कमी नाही, एक जास्त नाही. वाचन निर्दोष होते.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. "पास केलात तर दर रविवारी सरावाला आपल्याला तोंड दाखवावं लागेल याला."

मी निकालाच्या कागदावर 'अनुत्तीर्ण' लिहिले. कारणाच्या रकान्यात 'उच्चारदोष'. अण्णा तळ्याला वळसा घालून आले. त्यांनी पेटी उतरवली, खांद्याच्या पट्ट्यांवरचा चिखल धोतराच्या सोग्याने पुसला आणि कागद वाचला.

"इ-इथं सही करू?" त्यांनी विचारले.

मी बोट ठेवून जागा दाखवली.