तीन पंख्यांचा कॉम्प्युटर

नवरा अमेरिकेला गेला तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर तारखांचा घोळ घालणार, या भीतीनं तिकडच्या कंपन्या इकडून भराभर माणसं नेत होत्या. त्यांत तोही गेला, सहा महिन्यांसाठी. मल्लेश्वरमच्या घरात मागे उरलो मी आणि माझे सासरे.

त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, मीही तेच म्हणायला लागले होते. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. अण्णांचं घराणं बेंगळुरूत कित्येक पिढ्यांचं. मी पुण्याची. सुरुवातीला त्यांचं मराठी मला अर्धंमुर्धंच कळायचं. बोलता बोलता ते 'जरा थांब'ऐवजी 'स्वल्प थांब' म्हणत, आणि मी हसले की यात कानडी काय होतं ते त्यांनाच उमगत नसे.

जाण्याआधीच्या आठवड्यात नवऱ्यानं घरचा कॉम्प्युटर 'नीट करून' ठेवला. तो त्यानं स्वतःच सुटे भाग आणून जुळवलेला होता. उन्हाळा तोंडावर होता आणि आतली मुख्य चिप तापते असं त्याला वाटत होतं. म्हणून जुना छोटा पंखा काढून त्यानं त्या चिपेवर ॲल्युमिनियमचा एक मोठा ठोकळा आणि त्यावर मोठा पंखा बसवला. ठोकळा धरून ठेवणारी क्लिप बसेना तेव्हा स्क्रूड्रायव्हरनं रेटून बसवली. "आता मे महिन्यातसुद्धा याला काही होणार नाही," तो म्हणाला. मग त्यानं मला फोनच्या लाइनीवरून इंटरनेट कसं जोडायचं, मेल कसा लिहायचा, सगळं शिकवलं. मराठी अक्षरं त्या मेलमधून जात नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं ठरलं.

तो गेल्यावर थोड्याच दिवसांत कॉम्प्युटर बंद पडायला लागला. चालू केला की पाच-दहा मिनिटं बरा चाले. मग माऊसचा बाण जागच्या जागी थिजायचा, कधी पडदा निळा व्हायचा, कधी काही न सांगता सगळं आपलं आपणच पुन्हा सुरू व्हायचं. जे लिहिलेलं असेल ते गेलं.

रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. फोन दिवाणखान्यात होता आणि अण्णांची खुर्ची त्याच्या शेजारी. आधी ते बोलत, मग रिसीव्हर माझ्याकडे देऊन तिथंच बसून राहत. मुलगा काय म्हणतो हे त्यांना माझ्या बोलण्यावरून ऐकायचं असे.

"तापत असणार," नवरा म्हणाला. "डब्याला मागच्या बाजूनं आणखी एक पंखा बसवून घे. गरम हवा बाहेर गेली की थांबेल."

मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चाळिशीचा, चष्मा लावणारा, अतिशय सभ्य माणूस. त्यानं मागे पंखा बसवला. कॉम्प्युटर आता पिठाच्या गिरणीसारखा आवाज करू लागला आणि पहिल्यापेक्षा लवकर बंद पडू लागला. पुढच्या खेपेला त्यानं समोरूनही एक पंखा बसवला. एकूण तीन झाले. अण्णा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "एवढं वारं तर आपल्या गच्चीवरही नसतं." मी डब्याची एक बाजू उघडी ठेवून शेजारी टेबलफॅन लावून पाहिला. काही उपयोग नाही.

दुरुस्तीवाल्यानं तिसऱ्या वेळी ठोकळ्याला बोट लावलं आणि मलाही लावायला सांगितलं. ठोकळा थंड होता, अगदी माठासारखा.

"बघा मॅडम. थंडगार आहे. म्हणजे तापण्याचा प्रश्नच नाही."

नवऱ्यालाही मी फोनवर तेच सांगितलं आणि त्यालाही ते पटलं. ठोकळा थंड, म्हणजे चिप थंड. आम्हा तिघांपैकी एकालाही शंका आली नाही.

त्याच सुमाराला त्याचा तो मेल आला. कॉम्प्युटर बंद पडायच्या आत तो मी कसाबसा वाचला. कंपनी आणखी एक वर्ष थांब म्हणते आहे. तुझं मत हवं. मला व्हिसामुळे तुला इतक्यात आणता येणार नाही. तू सांगशील तसं करू. पुढच्या गुरुवारपर्यंत त्यांना कळवायचं आहे.

रविवारी फोनवर त्यानं विचारलं, "वाचलास ना? काय वाटतं तुला?"

अण्णा समोर बसले होते. मुलाचं काम तिकडे नावाजलं जातंय, हे ते त्याच सकाळी दूधवाल्यालाही सांगून आले होते.

"मी लिहिते," मी म्हटलं.

"आताच सांग ना."

"लिहिते रे. सविस्तर लिहिते."

मला लिहायचं होतं ते फार नव्हतं. परत ये. मला इथं कुणी नाही. अण्णा चांगले आहेत, पण दिवसभरात आमची दहा वाक्यं होतात. शेजारणी कानडीत बोलतात, मी मान हलवते. संध्याकाळी आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या गल्लीच्या, बाजारात फिरून येते, भाजी नको असली तरी घेते. हे सगळं फोनवर, सासऱ्यांच्या समोर, कसं बोलणार?

सोमवारी मी लिहायला बसले. अर्ध्यावर पडदा निळा झाला. पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. मग मी शहाणी झाले आणि दर ओळीनंतर ते साठवून ठेवायला लागले. त्या दिवशी पूर्ण पत्र तयार झालं. फक्त फोन जोडून पाठवायचं राहिलं होतं, आणि जोडणी होता होता कॉम्प्युटर पुन्हा बसला. त्यानंतर तो सुरूच होईना.

मंगळवारी दुरुस्तीवाला आला. "विंडोज खराब झालंय," तो म्हणाला. "सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. आत काही महत्त्वाचं आहे का? असेल तर उघडून फ्लॉपीवर काढून घेतो."

अण्णा दारात उभे होते. ते पत्र उघडायचं म्हणजे दोघांसमोर पडद्यावर येणार. इंग्रजी अक्षरांतलं मराठी अण्णांना चष्म्याशिवायही वाचता आलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "महत्त्वाचं काही नाही."

त्यानं डबा आडवा ठेवून सगळं पुसलं. नव्यानं टाकलेलं विंडोज दुपारपर्यंत चाललं आणि संध्याकाळी, डबा जागेवर गेल्यावर, बंद पडायला लागलं.

बुधवारी मी नव्यानंच निघालेल्या एका सायबर कॅफेत गेले. खुर्च्या एकमेकींना चिकटलेल्या, पाठीमागे कॉलेजच्या मुलांची रांग. माझ्या खांद्यावरून कुणीतरी पडद्याकडे बघतंय असं सारखं वाटत होतं. 'इकडे सगळं ठीक' एवढं टाइप केलं, खोडलं आणि उठले. तिथून कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर गेले. त्याच्या ऑफिसचा नंबर लावला. पलीकडे यंत्रातला इंग्रजी आवाज आला, निरोप ठेवा म्हणाला. काचेबाहेर एक बाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. काय निरोप ठेवायचा हे मला सुचेना, मी फोन ठेवून दिला.

गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी मी तो डबा मांडीवर घेऊन रिक्षानं चिकपेटच्या पलीकडे, कॉम्प्युटरच्या दुकानांच्या रस्त्याला गेले. एका दुकानदारानं डबा टेबलावर आडवा ठेवला, वायरी जोडल्या आणि चालू केला. तो चालला. मी स्टुलावर बसून पाहत होते. तास झाला, दीड तास झाला. तीनही पंखे भणभणत होते आणि कॉम्प्युटरला काही होत नव्हतं.

"यात काही बिघाड नाही," दुकानदार म्हणाला. "तुमच्या घरची वीज बघा."

घरी आणून पुन्हा जागेवर उभा केला. दहा मिनिटांत बंद. मी खाली फरशीवरच बसले. अण्णांनी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली, एक पेला माझ्याजवळ ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. उद्या बघू."

शनिवारी सकाळी टेबल पुसायला म्हणून मी डबा उचलून खाली आडवा ठेवला, आणि वायरी निघाल्या नव्हत्या म्हणून तसाच चालू करून पाहिला. आशा अशी काही नव्हती. मी पोळ्या केल्या, आंघोळ करून आले, तरी तो चालूच होता. दुकानात चालला होता तसाच. मी घाबरत घाबरत फोन जोडला. एक मेल आलेला होता.

'तुझं काहीच आलं नाही. तुझी हरकत नसावी असं धरून काल हो म्हणून सांगितलं. अण्णांना तूच सांग, त्यांना आनंद होईल.'

मी अण्णांना सांगितलं. त्यांना आनंद झाला. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि मग माझ्याकडे बघून जरा थांबले. "तुला सरी आहे ना?" त्यांनी विचारलं; सरी म्हणजे ठीक. मी हो म्हटलं.

त्या वर्षभर कॉम्प्युटर फरशीवर आडवाच राहिला. मी त्याच्यासमोर चटईवर बसून मेल लिहायची. लांब लांब मेल लिहिले, भाज्यांचे, पावसाचे, अण्णांच्या गुडघ्याचे. तो पहिला मेल मात्र पुन्हा लिहिला नाही. लिहून आता काय होणार होतं?

नवरा परत आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं डबा उघडला. थोडा वेळ आत डोकावून तो हसायला लागला.

"अगं, हे बघ. चिपेच्या खोबणीला क्लिप अडकवायचा कान असतो ना, प्लॅस्टिकचा, तो तुटलाय. मीच तोडला असणार, रेटताना. एवढा जड ठोकळा, एकाच बाजूनं धरलेला. डबा उभा केला की तो लोंबायचा आणि चिपेपासून सुटायचा. आडवा असला की आपल्या वजनानं चिपेवर बसायचा. म्हणून ठोकळा थंड लागायचा. चिपेची उष्णता त्याच्यापर्यंत जातच नव्हती. पंखे तीन लाव नाहीतर तीस लाव."

कोडं सुटल्याचा त्याला इतका आनंद झाला होता की तो पुन्हा पुन्हा ठोकळा हलवून दाखवत होता. मी त्याला मग सांगितलं. त्या आठवड्यात काय लिहीत होते, किती वेळा लिहिलं, ते कसं पुसलं गेलं. त्यानं ठोकळा हळूच खाली ठेवला.

"फोनवर का नाही बोललीस?"

"अण्णा समोर होते."

आम्ही हळू आवाजात बोलत होतो, पण घर लहान होतं. दिवाणखान्यातून अण्णांचा आवाज आला.

"मला उठ म्हणाली असतीस तर मी बाहेर जाऊन बसलो असतो गं."

थोड्या वेळानं चपला घातल्याचा आवाज आला आणि फाटक वाजलं. ते फिरायला जायची ती वेळ नव्हती.