पाया पडू नका, रागवा

जळगावच्या मेहरूण भागात लेकीच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता. शिपाई त्यावर लोखंडी गज असा हाणायचा की तलावावरचे बगळे उडायचे. आणि माझी लेक दोन्ही कान दाबून वर्गातून उठायची ती थेट फाटकाबाहेर. पहिलीत नाव घातल्यापासून रोज हेच. शेवटी मुख्याध्यापक बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "हिला घरीच ठेवा. ही इथे शिकायची नाही." पहिलीचा वर्गही त्याच घ्यायच्या, त्यामुळे दाद मागायला दुसरं कुणी नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लेक सहा वर्षांची. बोलायची, पण आपण म्हणू तेच परत म्हणायची. "जेवलीस का?" विचारलं की उत्तर यायचं, "जेवलीस का." गडबड सोसवेनाशी झाली की चवड्यांवर चढून गरागरा फिरायची आणि घशातून एकसुरी गुणगुण काढायची. डब्यांची झाकणं मात्र लहानापासून मोठ्यापर्यंत अशी लावायची की मला कधी तसं जमलं नाही. आज याला ऑटिझम म्हणतात. पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांनी "असू शकेल" एवढंच म्हटलं. तेव्हा आमच्या आसपास दोनच शब्द होते, हट्टी आणि येडी.

मी मुळात तिखट. मला भांडायला कारण लागत नाही असं नवरा म्हणायचा, आणि आता तर चांगलं कारण मिळालं होतं. मी एक दिवसाआड शाळेत जाऊन उभी राहायची. "घंटेच्या आधी तिला नुसतं सांगा, आता वाजणार म्हणून. मग ती पळणार नाही." बाई म्हणायच्या, "एवढ्या पोरांत हिच्या एकटीच्या कानात काय सांगत बसू?" घरी माझा पाय ठरायचा नाही. कणीक भिजवतानासुद्धा मनातल्या मनात बाईंशी भांडण चालू असायचं, आणि कणीक सैल व्हायची. नवरा पाइपच्या कारखान्यात पाळीवर. तो शांतपणे म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष काय आभाळातून वेगळं पडणार होतं?

श्रावणात कानबाईच्या सणासाठी आम्ही धुळ्याजवळ, सासरच्या गावी गेलो. रविवारी नारळाची कानबाई देवी मांडायची, तिला नथ घालायची, नैवेद्याला रोट करायचे आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायची. त्या वाटेवर एखादीच्या अंगात येतं. ती घुमते, बाया तिच्या पाया पडतात, आपल्या मनातलं विचारून घेतात. यात कुणाला नवल वाटत नाही.

त्या वर्षी भाऊबंदांनी हौसेनं बँड आणला होता. ढोल अगदी आमच्या कानाशी आला. लेकीनं कान दाबले. मी तिला उचलायला धावले, तोवर ती चवड्यांवर चढलीसुद्धा. गिरकीवर गिरकी, केस सुटलेले, आणि ती गुणगुण. तिला आवाज सोसत नव्हता म्हणून ती फिरत होती, हे मला एकटीला ठाऊक. मागून कुणीतरी ओरडलं, "कानबाई उनी व माय! पोरना आंगमा उनी!"

"बँड बंद करा!" मी किंचाळले. बँडवाल्यांना उलट चेव चढला. सासूबाईंच्या थोरल्या जावेनं, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, लेकीच्या कपाळाला हळदीकुंकू फासलं आणि हात जोडून विचारलं, "मन्हा नातूले नोकरी लागी ना, माय?"

"लागी ना, माय," लेक म्हणाली.

बाया भर रस्त्यात आडव्या पडल्या. मी त्यांच्यातून वाट काढली, पोरीला उचललं, तिच्या डोक्याभोवती पदर गुंडाळला आणि शेताच्या बांधापर्यंत पळत सुटले. देवीला ओढून नेलं म्हणून मागून शिव्या येत होत्या.

आणि आमचं दुर्दैव असं की अक्काच्या नातवाला थोड्याच दिवसांत खरंच नोकरी लागली.

मग काय विचारता! जळगावच्या आमच्या दोन खोल्यांत माणसांची रीघ लागली. सासूबाई खास गावाहून राहायला आल्या. लेकीसाठी त्यांनी खिडकीखाली पाट मांडला. लोक नारळ ठेवायचे, विचारायचे, लेक त्यांचेच शब्द त्यांना परत द्यायची आणि ते डोळे पुसत जायचे. एका बाईला मी दारातच सांगितलं, "देवी संडासात बसलीय. थांबायचं तर थांबा." ती हात जोडून थांबली! असल्या माणसांपुढे माझा तिखटपणा काय कामाचा?

एकदा मी पाट उचलून भिंतीला लावला, तशा सासूबाई उसळल्या. "तुले यामा काय वाईट दिसस व? इतला दिन बठ्ठा तिले येडी म्हनेत. आते पाया पडतस." त्यांचे डोळे भरून आले होते. ते खरं होतं, आजवर सगळ्यांनी तिला येडीच म्हटलं होतं. नातीला कुणी चांगलं म्हणतंय, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी उगाच भांडी आपटत राहिले.

पण शेजारच्या मुली आधी निदान तिची रिबीन ओढून पळायच्या. आता त्या लांबूनच नमस्कार करून जात. येडीशी कुणी खेळत नव्हतं आणि देवीशीही कुणी खेळेना.

गणपतीच्या सुमारास मुख्याध्यापक बाई स्वतः घरी आल्या. चपला त्यांनी पार रस्त्याच्या कडेला काढल्या. "उद्यापासून पाठवा हिला," त्या म्हणाल्या. "पुढे वेगळं आसन घालते. कुणी शिवणार नाही, कुणी रागावणार नाही. अभ्यास केला काय अन् न केला काय." मग वाकून त्यांनी लेकीला हळूच काहीतरी विचारलं. बदलीचं असावं.

ज्यासाठी मी शाळेचा उंबरठा झिजवला, ते आपल्या पायांनी घरी आलं होतं. हो म्हणायला जीभ वळवळत होती. "उद्या सांगते," म्हटलं आणि लेकीला घेऊन तलावाकडे चालू लागले. मी चालत होते, थांबत होते, परत फिरत होते. हो म्हटलं तर पोर शाळेत जाईल, पण तिथेही पाटावरच बसेल. आणि ज्या दिवशी कुणाचं भाकीत चुकेल, त्या दिवशी हीच माणसं तिला काय म्हणतील? नाही म्हटलं तर बाई पुन्हा येणार नाहीत.

लेक काठावर बसून खडे मांडत होती, लहानामागे मोठा. मी शेजारी टेकले आणि एक खडा उचलून मध्येच ठेवला, तो चुकला. तिनं माझ्या हातावर फाडकन चापट मारली आणि खडा त्याच्या जागी नेऊन ठेवला. मला हसू फुटलं. चुकणाऱ्याला कसं शिकवायचं, हे पोरीला बरोबर कळत होतं.

सकाळी मी शाळेत गेले. "बाई, वेगळं आसन नको. इतर पोरींमध्ये सतरंजीवर बसवा. घंटेच्या आधी सांगा. पाया कुणी पडायचं नाही, काही विचारायचं नाही. आणि चुकली की तिला रागवा."

"अन् देवीचा कोप झाला तर?"

"झाला तर माझ्यावर होईल. मला बोलणी खायची सवय आहे."

बाईंनी टेबलावरचा खडू उचलून खोक्यात टाकला. मग म्हणाल्या, "घंटेच्या आधी सांगायचं ना? सांगते." त्या देवीला घाबरल्या की मला, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन मी पाट माळ्यावर टाकला आणि आलेल्यांना दारातून परत लावलं. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं, पण गावी गेल्या नाहीत. नारळांचा ढीग कोपऱ्यात तसाच. देवीचे म्हणून त्या हात लावू देईनात.

मी रोज वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहायची. बाई घंटेच्या आधी सांगायच्या, लेक कान दाबून बसून राहायची, पण पळायची नाही. मात्र तिच्याशी बोलताना बाईंचा आवाज देवळात गेल्यासारखा मऊ व्हायचा. पाटी कोरी असली तरी चालायचं. मी दात-ओठ खात घरी परतायची. दिवाळीची सुट्टी जवळ आली तरी तेच.

आणि एक दिवस आतून खणखणीत आवाज आला, "लक्ष कुठंय तुझं? पुन्हा पाटी कोरी? गिरव तो 'ग'!"

"गिरव तो ग," लेक म्हणाली. पोरं खो-खो हसली. बाईंनी पोरांनाही झापलं. लेकीनं पाटी पुढे ओढली आणि पेन्सिल टेकवली. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत रडले.

घरी गेल्यावर मला राहवेना. न बोलणाऱ्या सासूबाईंनाच सांगितलं, "आज बाई तिला रागावल्या. चांगल्या जोरात."

त्या उठल्या, कोपऱ्यातला एक नारळ उचलला आणि उंबऱ्यावर आपटून फोडला. खोबऱ्याचा तुकडा लेकीच्या तोंडात कोंबत म्हणाल्या, "तुना बापले बी मास्तर असाच रागवे."